कोड उडवला, लाईट गेली, तरी ‘नॉट रेडी’ का? रेडीनेस मॉनिटर पुरे करायची पद्धत

चेक इंजिनची पिवळी लाईट लागली की आपल्याकडं ठरलेलं असतं. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, "कोड उडवला साहेब" म्हणतो, पैसे घेतो आणि लाईट गेली म्हणून आपण खुश. आठ-पंधरा दिवसांनी लाईट परत हजर, मग परत तेच. आता बऱ्याच जणांनी स्वतःचा ब्लूटूथ स्कॅनर घेतलाय, तर ते एका वेगळ्याच जागी अडकायलेत. कोड एकपण नाही, लाईट बंद, पण ॲपमध्ये कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर यांच्यापुढं 'नॉट रेडी' नाहीतर 'इनकम्प्लीट' लिहून येतंय आणि गाडी चालवून चालवून कंटाळा आला तरी ते हलत नाही. मग वैतागून परत क्लिअर दाबतेत, आणि जे थोडंफार पुरं होत आलेलं असतं ते पण शून्यावर जातं.

थोडक्यात समजून घ्या. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पोल्युशनशी संबंधित पार्ट स्वतःच तपासत असतो. मिसफायर, इंधनाचं मिश्रण आणि सेन्सरचं वायरिंग हे तो चालू गाडीत सतत बघतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, सायलेन्सरच्या नळीत धूर साफ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), पेट्रोलच्या वाफेची सिस्टीम यांची टेस्ट मात्र ठराविक परिस्थिती जुळली तरच घेतो. अशा प्रत्येक टेस्टला मॉनिटर म्हणतेत, आणि टेस्ट झाली की त्या मॉनिटरपुढं 'रेडी' येतं. कोड क्लिअर केला की सगळ्या टेस्टचे निकाल पुसले जातेत. म्हणजे 'कोड नाही' एवढ्यावर खुश होणं म्हणजे पेपरच दिला नाही म्हणून पोरगं नापास झालं नाही, असं म्हणण्यासारखं आहे.

## आधी हे ठरवा: तुम्हाला याची गरज आहे का

आपल्याकडच्या पीयूसीत ईसीयूला कुणी काही विचारत नाही. सायलेन्सरच्या नळीत प्रोब घालतेत, पेट्रोल गाडीचं सीओ, एचसी आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघतेत, डिझेलला धूर मोजतेत. बीएस४ आणि बीएस६ पेट्रोल गाडीला आयडलला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमच्या आत लागतं, आणि २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्बडा ०.९७ ते १.०३ मध्ये. म्हणून 'नॉट रेडी' आहे म्हणून पीयूसी मिळणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मग हे कुणासाठी? एक, ज्यांची लाईट क्लिअर करून परत परत येते त्यांच्यासाठी, कारण दुरुस्ती खरंच झाली का हे कळायचा हाच एक भरवशाचा मार्ग आहे. दोन, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. तीन, ज्यांचं पोरगं नाहीतर पुतण्या अमेरिकेत आहे आणि तिथल्या तपासणीत गाडी परत पाठवली म्हणून रात्री-बेरात्री फोन करतो, त्यांच्यासाठी. तिथं मशीन थेट गाडीच्या पोर्टला लावतेत आणि मॉनिटर पुरे नसले तर गाडी पास करत नाहीत. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

थांबा: चेक लाईट लुकलुक करत असेल, म्हणजे सलग न लागता चालू-बंद होत असेल, तर पुढचं काहीच करू नका. तो जोरदार मिसफायर असतो, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि कॅट जळतो. प्लग, कॉइल, इंजेक्टर आधी बघा. अशा गाडीला हायवेवर पळवणं म्हणजे स्वतःच्या हातानं खर्च वाढवणं.

## टप्पा १: क्लिअरच्या बटणाला हात लावायच्या आधी लिहून काढा

सगळ्यात जास्त लोकं इथंच चुकतेत, म्हणून जरा निवांत वाचा.

१. गाडी चालू करून ॲप जोडा. साठलेले कोड आणि पेंडिंग कोड दोन्ही वाचा. पेंडिंगची यादी बऱ्याच ॲपमध्ये वेगळ्या पानावर असते आणि तिकडं कुणी जात नाही. बरेचसे दोष सलग दोन ड्राईव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून, चालवून बंद करेपर्यंतची एक खेप) दिसले तरच ईसीयू लाईट लावतो, त्यामुळं लाईट बंद असली तरी पेंडिंगमध्ये कोड बसलेला असू शकतो.

२. फ्रीझ फ्रेम उघडा. कोड आला त्या क्षणी स्पीड किती, आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर लोड किती हे सगळं त्यात असतं. स्क्रीनशॉट घ्या. क्लिअर केलं की हे पण जातं, आणि मग मेकॅनिक अंदाजपंचे पार्ट बदलायला लागतो.

३. रेडीनेसचं पान उघडा आणि नीट बघा की आकडे कुठले दाखवायलेत. दोन प्रकार असतेत: 'कोड क्लिअर केल्यापासून' आणि 'या ड्राईव्ह सायकलमध्ये'. दुसरा प्रकार रोज सकाळी शून्यापासून सुरू होतो, तो अर्धवट दिसणारच. मला दाखवायला आणलेल्या कितीतरी गाड्यांत काही अडचणच नव्हती, माणूस चुकीचं पान बघून हैराण झालेला होता. आपल्याला पहिला प्रकार बघायचाय.

४. 'नॉट सपोर्टेड' नाहीतर 'एनए' लिहिलेलं सोडून द्या. ती टेस्ट त्या गाडीत नाहीच. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ईव्हॅप, म्हणजे टाकीच्या वाफेची टेस्ट, अशीच दिसते. अमेरिकन व्हिडिओ बघून लोकं ती शोधत बसतेत.

५. क्लिअर झाल्यापासून किती किलोमीटर आणि किती वॉर्म-अप झाले हे दोन आकडे टिपून ठेवा. वॉर्म-अप म्हणजे इंजिन किमान २२ अंशांनी तापून ७० अंशांवर गेलेलं असणं. दुकानातून घरी, घरातून दुकानात अशा दोन किलोमीटरच्या चकरांत तो मोजलाच जात नाही.

तपासा: स्कॅनर ओबीडी पोर्टला (गाडीतल्या स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) लावला पण त्याची लाईटच लागत नसेल तर आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटचा आणि ओबीडी पोर्टचा फ्यूज एकच असतो, आणि तो उडालेला असतो. ईएलएम३२७ या स्कॅनरच्या चिपच्या स्वस्तातल्या नकला काही वेळा अर्धवट माहिती देतेत, शंका आली तर दुसऱ्या स्कॅनरनं एकदा ताडून बघा.

## टप्पा २: बॅटरी

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली बसलं तर काही गाड्यांचा ईसीयू झटका खातो आणि मॉनिटर परत कोरे होतेत. तुम्ही दिवसभर मेहनत करून पुरे केलेले, सकाळी सेल्फ मारला की गायब. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलेलं असेल तर गरम पाण्यानं धुवा, ब्रश मारा, घट्ट करा.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. गावाकडं गाडी आठ-आठ दिवस उभी असते म्हणून, नाहीतर चोरीच्या भीतीनं, लोकं बॅटरीचा कटऑफ स्विच बसवून घेतेत. रात्री स्विच बंद, सकाळी चालू. बऱ्याच गाड्यांत असं केलं की रोज रात्री मॉनिटर पुसले जातेत आणि इंधनाचं शिकलेलं गणित पण जातं. असा स्विच असेल तर हे सगळं काम होईपर्यंत तो चालूच ठेवा. ओबीडी पोर्टला जीपीएस ट्रॅकर लावलेला असेल तर तो पण काढून ठेवा, स्कॅनरच्या बोलण्यात तो मध्येच तोंड घालतो.

## टप्पा ३: दोष शोधा, मगच रस्ता

टेस्ट पुरी न व्हायचं कारण बहुतेक वेळा असं असतं की टेस्टसाठी लागणारी परिस्थितीच इंजिनात तयार होत नाही. तीच चार-पाच ठिकाणं फिरून फिरून निघतेत.

थर्मोस्टॅट. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या घरात गेला की गाडी तापते, आणि बऱ्याच गॅरेजात त्यावर एकच इलाज असतो, थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. गाडी तापायची थांबते, मालक खुश. पण इंजिन मग कधी पुरेसं गरमच होत नाही. लाईव्ह डेटा लावून बघितलं की लगेच कळतं: गावातल्या ट्रॅफिकमध्ये कूलंट ८५ दाखवतं आणि हायवेला ८० च्या स्पीडला लागलं की हवेनं उतरत उतरत ६५-६८ वर येऊन थांबतं. चांगल्या गाडीत ते ८५ ते ९५ मध्ये टिकून राहायला पाहिजे. ६५ अंशांवर ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो कॅटॅलिस्टची टेस्ट घेतच नाही, वरून पेट्रोल जास्त सोडतो, आणि काही गाड्यांत पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) हा कोड पण येतो. तुम्ही नागपूरपर्यंत जाऊन या, मॉनिटर पुरा होणार नाही. थर्मोस्टॅट परत बसवा आणि गाडी का तापत होती ते बघा: रेडिएटर बाहेरून धुळीनं आणि कापसाच्या तंतूंनी भरलाय का, पंखा दुसऱ्या स्पीडला फिरतो का, कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरून भरून आत क्षार साचलाय का.

त्याचबरोबर एक सकाळची टेस्ट करा, फुकटातली आहे. गाडी रात्रभर उभी, चावी ऑन, इंजिन बंद. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही बघा. जवळजवळ सारखे पाहिजेत. एक २४ आणि दुसरं ४१ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि 'कोल्ड स्टार्ट झाला' हे ईसीयू मानणारच नाही.

फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी सोडतोय तो आकडा. इंजिन गरम झाल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज करा. साधारण उणे १० ते अधिक १० मध्ये असेल तर पुढं चला. अधिक २० च्या आसपास असेल तर कुठून तरी जास्तीची हवा शिरते नाहीतर पेट्रोल कमी पडतंय. आयडलला जास्त आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल तर व्हॅक्यूमची नळी फाटलेली असते. उलटं, लोड वाढला की वाढत असेल तर फ्यूल पंप, फिल्टर नाहीतर हवा मोजणारा सेन्सर घाण झालेला. शेतरस्त्यानं फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरची वाट बघत नसतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या गाड्यांत ट्रिम थोडी वर सरकते, ते चालतं, पण २० चा आकडा इथेनॉलच्या माथी मारू नका.

सायलेन्सरची गळती. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास गॅस्केट गेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. थंड इंजिनला सकाळी 'टिक टिक टिक' असा आवाज येऊन गरम झाल्यावर बंद होत असेल तर तिथंच बघा. सेन्सर बदलायच्या आधी गळती बंद करा, सेन्सर महाग आहे, गॅस्केट स्वस्त.

वायरिंग. गाडी गोठ्याजवळ, धान्याच्या पोत्यांजवळ उभी राहत असेल तर उंदीर. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची एक वायर कुरतडली की हीटरची टेस्ट अडते, हीटरमुळं सेन्सरची अडते, सेन्सरमुळं कॅटॅलिस्टची. माणूस कॅट बदलायच्या गप्पा मारत असतो आणि दोष दोन इंच वायरीचा.

बाहेरून बसवलेला सीएनजी. पेट्रोलचा ईसीयू गॅसवर चालताना पण शिकत राहतो. किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर तो चुकीचं शिकतो. काही ठिकाणी सेन्सरला फसवणारा इम्युलेटर बसवून देतेत, मग मॉनिटरचा काय भरवसा. किट ट्यून करून घ्या आणि हे सगळं काम पेट्रोलवरच करा.

सावध: कॅट काढून सरळ पाईप टाकून घेतलेला असेल, नाहीतर मागच्या सेन्सरला स्पेसर लावलेला असेल, तर पुढचं वाचून उपयोग नाही. आधी कॅट परत बसवा.

## टप्पा ४: आता एकदाच क्लिअर करा

दुरुस्ती झाली, पेंडिंग कोडचं कारण सापडलं, मगच क्लिअर. त्यानंतर काम पुरं होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. आणि खरं सांगायचं तर दुरुस्ती बरोबर झाली असेल तर क्लिअर नाही केलं तरी चालतं, सलग तीन ड्राईव्ह सायकल दोष दिसला नाही तर लाईट आपोआप जाते आणि पुढं ४० वॉर्म-अपनंतर कोड पण पुसला जातो. ज्यांना घाई नाही त्यांनी हाच रस्ता धरावा, पुरे झालेले मॉनिटर वाचतेत.

क्लिअर केलं असेल तर गाडीची तयारी अशी:

- पेट्रोल पाव टाकी ते पाऊण टाकी यांच्या मध्ये. फुल करू नका, रिझर्व्हवर पण नको. सीएनजीवाले पेट्रोल कायम काट्याच्या तळाशी ठेवतेत आणि तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत सडतं, आधी नवीन पेट्रोल टाका.
- गाडी रात्रभर उभी. किमान आठ तास. मध्ये "जरा बाजूला लावतो" म्हणून पण चालू करायची नाही, घरातल्यांना सांगून ठेवा.
- टायरची हवा बरोबर, नाहीतर हायवेला एकसारखा स्पीड ठेवताना ॲक्सिलरेटर वर-खाली होत राहतो.
- सोबत एक माणूस. मोबाईलवरचे आकडे तो बघेल, तुम्ही रस्ता बघा.

उन्हाळ्यात हे काम पहाटेच करा. बऱ्याच गाड्यांत काही टेस्टना बाहेरच्या हवेची वरची मर्यादा असते, दुपारच्या उन्हात त्या सुरूच होत नाहीत. शिवाय दुपारी उन्हात उभी केलेली गाडी 'थंड' नसतेच.

## टप्पा ५: रस्त्यावरची फेरी

तुमच्या गाडीच्या कंपनीनं स्वतःची ड्राईव्ह सायकल (इथं अर्थ, टेस्ट पुऱ्या व्हायला गाडी चालवायचा ठरलेला क्रम) दिलेली असेल तर तीच पाळा. नसेल सापडत तर खालचा क्रम बहुतेक पेट्रोल गाड्यांना चालतो.

रस्ता आधी ठरवा. सपाट, सिग्नल नसलेला, एकसारखा स्पीड ठेवता येईल असा. जालन्याच्या आणि संभाजीनगरच्या लोकांना समृद्धी आहे, फक्त तिथं मध्येच वळता किंवा थांबता येत नाही, तर कुठल्या इंटरचेंजला उतरायचं ते आधी ठरवा. बीड-धाराशिवकडच्यांना सोलापूर-धुळे हायवे, पण मांजरसुंब्याच्या घाटाकडं नका जाऊ, चढ-उतारात टेस्ट तुटते. आणि कारखाने चालू असतील त्या दिवसांत ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आधी निघा, दर किलोमीटरला ब्रेक मारून काही पुरं होणार नाही.

१. थंड इंजिन चालू करा. सेल्फ मारायच्या आधी चावी ऑन ठेवून बसू नका, तेवढ्यात ऑक्सिजन सेन्सरचा हीटर काही गाड्यांत तापतो आणि त्याची थंड टेस्ट चुकते.

२. जागेवर अडीच-तीन मिनिटं आयडल. एसी चालू, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तो पण चालू. ॲक्सिलरेटर दाबू नका. आपल्याकडं सकाळी गाडी चालू केली की दोन-चारदा रेस द्यायची सवय असते, ती आज नको.

३. एसी बंद. अर्ध्या ॲक्सिलरेटरनं, झटका न देता ९० पर्यंत जा.

४. ८५-९० ला तीन-चार मिनिटं एकसारखं. क्रूझ कंट्रोल असेल तर लावा. नसेल तर पाय एका जागी.

५. आता पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून हळूहळू ३०-४० पर्यंत येऊ द्या. क्लच नाही, ब्रेक नाही, न्यूट्रल तर अजिबात नाही. ॲव्हरेज वाढतं म्हणून उताराला न्यूट्रल मारायची जी सवय आहे ती इथं सगळं घालवते, कारण गिअरमध्ये गाडी ओढली जाते तेव्हा ईसीयू इंधन बंद करतो आणि त्याच वेळेत काही टेस्ट उरकून घेतो. इंजिन धडधडायला लागलं तर खालचा गिअर टाका.

६. परत वेग घ्या, यावेळी थोडा जास्त दाबून, ९०-९५ पर्यंत. पाच मिनिटं एकसारखं.

७. परत तसंच गिअरमध्ये उतरू द्या.

८. सुरक्षित जागी, हायवेच्या बाहेर येऊन थांबा. दोन मिनिटं आयडल. इंजिन बंद करायच्या आधी रेडीनेस वाचा.

सावध: मागं गाडी असताना ९० वरून ३५ ला येणं धोक्याचं आहे. आरसा बघा, डाव्या लेनला या, रस्ता मोकळा असेल तेव्हाच करा. समृद्धीवर मागून १२० नं येणारा असतो, तिथं हा भाग सर्व्हिस एरियात नाहीतर बाहेर पडायच्या लेनमध्ये शिरताना उरका.

एका फेरीत सगळं पुरं होईलच असं नाही. दुसऱ्या दिवशी परत थंड इंजिनानं तेच. मध्ये रोजचं चालवणं चालू ठेवा, त्यानं नुकसान नाही.

## टप्पा ६: अडलेल्या मॉनिटरवरून काय समजायचं

क्रम लक्षात ठेवा: आधी सेन्सरचा हीटर, मग सेन्सर, मग कॅटॅलिस्ट. वरचा अडला की खालचा अडणारच, म्हणून खालून दुरुस्ती सुरू करू नका.

फक्त कॅटॅलिस्ट राहिला असेल तर लाईव्ह डेटामध्ये दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ एकाखाली एक लावा. गरम इंजिन, एकसारखा स्पीड. साध्या प्रकारचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली उड्या मारतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास संथ राहायला पाहिजे. मागचा पण पुढच्यासारखाच नाचायला लागला तर कॅट संपलाय, मॉनिटर पुरा झाला की पी०४२० येणार हे धरून चाला. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा असतो, तो असा नाचत नाही, तिथं फक्त मागच्यावर लक्ष ठेवा.

ईजीआर राहिला असेल तर बहुतेक वेळा टप्पा ५ मधलं गिअरमध्ये उतरणं नीट झालेलं नसतं. दोन-तीनदा सावकाश परत करा. तरी नाही झालं तर व्हॉल्व्हमध्ये काजळी.

सगळे मॉनिटर एकदम अर्धवट आणि क्लिअर झाल्यापासूनचे किलोमीटर रोज शून्याजवळ दिसत असतील तर टप्पा २ कडं परत जा, मेमरीच पुसली जातेय.

तपासा: 'रेडी' आलं म्हणजे पास झालं असं धरू नका. टेस्ट झाली एवढंच त्याचा अर्थ. पेंडिंग कोडचं पान परत उघडा. तिथं काही नसेल आणि अजून एक-दोन दिवसांच्या चालवण्यानंतर पण काही आलं नाही, तर दुरुस्ती झाली म्हणा.

## डिझेलवाल्यांसाठी थोडं वेगळं

डिझेलमध्ये मॉनिटरची नावं वेगळी असतेत: बूस्ट प्रेशर, एनओएक्स, पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) वगैरे. फिल्टरची टेस्ट पुरी व्हायला वेळ लागतो, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तर ती रखडतेच. हायवेला अर्धा-पाऊण तास जरा चढ्या आरपीएमनं चालवा, आणि रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळायचं काम) चालू असेल, म्हणजे आयडल वाढलेलं, पंखा जोरात, जळका वास, तर मध्येच गाडी बंद करू नका. ते सारखं अर्धवट सुटलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल 'मॅक्स'च्या वर गेलेलं दिसलं तर आधी ऑइल बदला, मग बाकीचं.

## जुनी गाडी घेताना

व्यवहाराला जाताना स्कॅनर खिशात ठेवा. लाईट बंद आहे का हे कुणीही बघतं, तुम्ही क्लिअर झाल्यापासूनचे किलोमीटर आणि मॉनिटर बघा. सगळे मॉनिटर कोरे, क्लिअर होऊन ४ किलोमीटर, वॉर्म-अप शून्य, आणि मालक म्हणतोय "गाडीला कधी पाना लावला नाही". अशा वेळी भांडू नका. "बॅटरी बदलली का?" एवढंच विचारा, कारण तसंही असू शकतं, आणि नवीन बॅटरी असेल तर बिल दाखवतील. नसेल तर सांगा की गाडी चार दिवस रोजच्यासारखी चालवा, मी परत येऊन बघतो. प्रामाणिक माणूस तयार होतो. जो "आजच बयाना द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणतो त्याच्याकडून चहा पिऊन निघा.

## अमेरिकेतल्या पुतण्याला काय सांगायचं

तिथल्या बऱ्याच राज्यांत २००१ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला एकच मॉनिटर अर्धवट चालतो, १९९६ ते २००० च्या गाडीला दोन. कॅलिफोर्निया जास्त कडक आहे: २००० आणि पुढच्या पेट्रोल गाडीत फक्त ईव्हॅप अर्धवट चालतं, बाकी सगळं पुरं हवं. तिथं २०१० आणि पुढच्या गाड्यांत पर्मनंट कोड पण बघतेत, आणि तो क्लिअर बटणानं जात नाही, बॅटरी काढून पण जात नाही. ईसीयूनं स्वतः टेस्ट घेऊन पास केलं तरच जातो, नाहीतर क्लिअर केल्यानंतर १५ वॉर्म-अप आणि २०० मैल झाले असतील तर तपासणीत तो धरत नाहीत. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री क्लिअर मारून सकाळी रांगेत उभं राहायचं असा त्याचा विचार असेल तर त्याला आत्ताच फोन करा. बॅटरी बदलायची असेल तर ती पण तपासणी झाल्यावर. तिकडं ईव्हॅपची टेस्ट गाड्यांत असते, तेव्हा टाकी पाव ते पाऊण ठेवायची अट त्याला सगळ्यात जास्त लागू आहे, आणि पेट्रोलचं झाकण 'कट् कट्' वाजेपर्यंत फिरवायला सांगा.